आबांची चप्पल, मिसळ आणि पिशवीतला जुना रिपोर्ट

कोल्हापूरच्या माणसानं मिसळीचा कट परत पाठवला तर घरात त्याची चेष्टा होणारच. फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या आबांनी तो परत पाठवला. "तोंड सोलतंय रं," असं दादाला म्हणाले. दादा म्हणाला, "आबा, आता तुम्हाला पुण्याची गोड मिसळ मागवूया की." सगळे हसले, मीही हसले. त्या दिवशी कुणी आबांची जीभ बघितली असती तर पुढचे सहा महिने वाचले असते, आणि त्यांच्या तळपायातली थोडी जाणीवही.

मी डॉक्टर नाही, इचलकरंजीत शाळेत शिकवते. माहेर शिवाजी पेठेत. जे घडलं ते तारखांसकट माझ्याकडे एका शंभरपानी वहीत आहे, त्यावरून हे लिहितेय. आबांना विचारलं तर म्हणाले, "लिही की. पण नाव घालू नकोस, तालमीतली पोरं चिडवत्यात."

आधीची हकीकत

आबांचं वय तेव्हा ७२. शिवाजी उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर टर्नर होते. जॉबवरून नुसतं बोट फिरवून चरा कुठं राहिलाय ते सांगायचे. हे पुढे कामाला येणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवते.

मधुमेह २०१० पासून. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमवरून वाढत वाढत सकाळी १००० आणि रात्री १००० वर गेलेलं. साखर ताब्यात, औषध कधी चुकवायचे नाहीत. २०१७ मध्ये पाठ धरली म्हणून दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या, आणि त्या पोटाला लागू नयेत म्हणून सोबत पँटोप्राझोल. पाठ महिन्याभरात सुटली. पँटोप्राझोल मात्र रोज उपाशीपोटी चालूच राहिलं, कारण ते बंद करा असं कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. अशा किती घरांत ही पित्ताची गोळी चहाच्या आधीचा नेम होऊन बसलीय कोण जाणे.

२०१६ च्या कार्तिकीला आबांनी पंढरपुरात माळ घातली. ज्या माणसाला रविवारी तांबडा-पांढरा लागायचाच, त्यानं मटण एका दिवसात सोडलं, अंडंही. मग उरलं दूध. रोज संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं दूध उभ्यानं प्यायचे. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, बाहेर पडणं थांबलं, दूध सुटलं. नंतर कुणीतरी "साखर आहे, म्हशीचं दूध कशाला" म्हणालं आणि ते सुटलंच. दिवसातून दोनदा बिनसाखरेचा चहा, त्यात रंगापुरतं दूध.

२०२१ मध्ये आई गेली. त्यानंतर आबांचं काहीही बिनसलं की आमच्याकडे कारण तयारच असायचं.

काय काय झालं, आणि आम्ही त्याला काय म्हटलं

डिसेंबर २०२२ मध्ये साखरेबरोबर रक्ताची सगळी तपासणी झाली होती. हिमोग्लोबिन ११.१. थोडं कमी, पण या वयात चालायचंच, असं ठरलं. त्याच सुमारास वहिनीची लेक बाळंतपण उरकून सासरी गेली होती आणि सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या तिच्या लाल गोळ्या घरात शिल्लक होत्या. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या. "त्याच द्या आबांना," ही अक्कल माझी. तीन महिने दिल्या. हिमोग्लोबिन १२.६ झालं आणि मी स्वतःवर खूश झाले. या गोळ्यांनी काय केलं ते पुढे येईल.

फेब्रुवारीत मिसळ. त्याला आम्ही म्हटलं पित्त.

एप्रिलमध्ये आबा रंकाळ्यावरून फिरून आले ते डाव्या पायात चप्पल नसताना. साधी सपाता नव्हे, कापशी चप्पल, वजनदार. अंगठ्यात पाय घट्ट बसतो आणि चालताना करकर वाजते. ती वाटेत कुठं सुटली हे त्यांना सांगता येईना. ऊन वर आलेलं, डांबर तापलेलं, तरी अर्धा रस्ता एका अनवाणी पायानं आले. रात्री वहिनीनं बघितलं तर तळपायाला फोड. "आबा, भाजलं नाही का?" तर म्हणाले, "कळलं न्हाई." घरात चर्चा झाली ती आबांच्या हरवलेल्या लक्षाची. आई गेल्यापासून त्यांचं कशातच लक्ष नसतं. फोडाला मलम लावलं आणि नवी चप्पल घेतली.

मे महिन्यात कपाळाला टेंगूळ आलं. बेसिनवर तोंड धुताना डोकं नळावर आपटलं होतं. आठवड्यात दुसऱ्यांदा तसंच झालं. त्याला म्हटलं वय. मेच्या शेवटी वळवाच्या पावसात लाईट गेली, अंधारात संडासाकडे जाताना आबा पडले. नशीब की हाड मोडलं नाही. त्याला म्हटलं अंधार.

जुलैच्या सुरुवातीला मुंग्या वाढल्या, तळपायाखाली वाळू पसरल्यासारखं वाटायला लागलं, तेव्हा दादा त्यांना घराजवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. तीन महिन्यांची साखर ७.२ आली. साखरेमुळे नसा खराब झाल्यात असं सांगून रात्रीसाठी प्रेगाबालिन ७५ दिलं. या निदानाला मी चूक म्हणत नाही. मधुमेही माणसाच्या पायाला मुंग्या आल्या तर दहातल्या बहुतेक वेळा ते खरंच असतं. फक्त पायाला हात लावून बघितला नाही. आणि त्या गोळीनं आबा दिवसाही पेंगायला लागले, चालताना आणखी झोकांड्या जायला लागल्या. म्हातारपणी या औषधानं असं होऊ शकतं.

धोंड्याचा महिना

त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलैपासून. धोंड्याचा महिना म्हणून जावयासकट मला बोलावणं आलं. अनारसे झाले, मान झाला, दुसऱ्या दिवशी सगळे अंबाबाईच्या दर्शनाला गेलो. रांगेत आबा माझ्या पुढे. गाभारा समोर आल्यावर त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि उभ्या उभ्या पुढच्या बाईच्या अंगावर गेले. चक्कर नव्हती. शुद्धीवर होते, डोळे उघडले आणि लगेच सावरले, बाईंची माफी मागितली. लोक म्हणाले बीपी. बाहेर येऊन ओवरीत बसलो, तेव्हा मला तोंड धुण्याचं आठवलं. तोंड धुतानाही माणूस डोळेच मिटतो. आणि लाईट गेल्यावरही डोळ्यांना दिसायचं बंद होतं.

मला याचा अर्थ माहीत नव्हता. तिन्ही वेळा दिसणं थांबलं आणि आबांचा तोल गेला, एवढंच ध्यानात आलं. दादा-वहिनी रोज बघतात म्हणून त्यांना जाणवलं नाही आणि मी महिन्यानं येते म्हणून मला जाणवलं, यात माझी हुशारी काही नाही.

त्या संध्याकाळी आबांना शर्टाची गुंडी लावता येत नव्हती. माझी नजर चुकवून, आरशात बघत लावत होते. जॉबवरचा चरा ओळखणारी बोटं ती.

मी वही काढली. आबांना "कधीपासून?" विचारलं तर उत्तर एकच, "लई दिस झालं की." घरातल्या म्हाताऱ्यांकडून तारखा मिळत नाहीत, सण मिळतात. म्हणून तसंच विचारत गेले. गेल्या चैत्रात जोतिबाच्या यात्रेला डोंगरावर किती चालला होता? पुष्कळ. यंदाच्या चैत्रात? पायऱ्यांपाशी बसून राहिलो. दिवाळीत गुंड्या लावता येत होत्या? येत होत्या. संक्रांतीला? येत होत्या. होळीला? "तवा जरा अडकत हुतं." वहिनीला वेगळं विचारलं, दुकानदाराला वेगळं. त्यानं सांगितलं की मार्चपासून आबा सुट्टे पैसे मोजताना चुकतात आणि चूक दाखवली की चिडतात. दोन तासांत वहीवर जे उतरलं त्यात म्हातारपणाचा चढ नव्हता. म्हातारपण वर्षं घेतं. इथं एका दिवाळीपासून पुढच्या श्रावणापर्यंत पाय, हात, तोल, जीभ आणि स्वभाव, सगळं एकामागून एक गेलं होतं.

वेग बघूनच मी घाबरले. प्रत्येक तक्रारीला आम्ही वेगळं कारण चिकटवलं होतं, आणि सुटं धरलं तर प्रत्येक कारण पटण्यासारखंही होतं.

राजारामपुरीतली तपासणी

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात राजारामपुरीतल्या एका फिजिशियनकडे गेलो. वही पुढे केली. डॉक्टरांनी ती शेवटपर्यंत वाचली, मग आबांना टेबलावर झोपवून पायावरची चादर काढली.

ट्यूनिंग फोर्क म्हणजे चिमट्यासारखा लोखंडी काटा. तो हातावर आपटून थरथरता आबांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर कळते का?" "कसली?" घोट्यावर टेकवला. "न्हाई." ढोपरावर. "हां, आता कळतंय की. लेथ चालू झाल्यावानी." मग डोळे मिटायला सांगून अंगठा वर-खाली केला आणि कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. आबा निव्वळ अंदाज बांधत होते आणि निम्मे चुकत होते. पाय जोडून, डोळे मिटून उभं केलं, तर दोन सेकंदांत कलले. डॉक्टर हात पसरून तयारच होते. अंबाबाईच्या रांगेत जे झालं तीच ही चाचणी. पाय कुठं टेकलाय याची बातमी मेंदूपर्यंत पोचत नसेल तर माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा राहतो. डोळे मिटले की तोही आधार जातो.

मग हातोडी. घोट्याला काहीच नाही, पण ढोपरावर मारताच पाय जोरात उडाला. तळव्यावरून किल्ली ओढली तर अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर गेला. डॉक्टर थांबले. म्हणाले, "नुसत्या साखरेनं नसा गेल्या तर ढोपराचा झटका मंदावतो, वाढत नाही. आणि अंगठा वर जातो म्हणजे दुखणं मणक्याच्या आत, मज्जारज्जूपर्यंत आहे. शिवाय साखरेचं दुखणं आधी पायांत वर्षानुवर्षं चढतं, मग हाताला येतं. यांचे हात-पाय जवळजवळ बरोबरच गेलेत."

जीभ बघितली. लाल, गुळगुळीत, चकाकणारी. आबा स्वतःच म्हणाले, "पॉलिश मारल्यावानी झालीय न्हवं?"

आणि मग त्यांचं लक्ष आबांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेलं. "माळ कधी घातली?" मला तो प्रश्न आपुलकीचा वाटला. आबांना तर वाटलंच, वारीच्या गोष्टी सुरू झाल्या. डॉक्टरांनी तेवढ्यात कागदावर २०१६ लिहून घेतलं, खाली मेटफॉर्मिन, खाली पँटोप्राझोल, आणि मग दुधाचं विचारलं.

जुने रिपोर्ट मागितले. प्रत्येक घरात असते तशी साडीच्या दुकानाची एक पिशवी होती, ती दिली. डिसेंबर २०२२ च्या रिपोर्टवर त्यांनी बोट ठेवलं. हिमोग्लोबिनच्या चार ओळी खाली एमसीव्ही १०७, पुढे चांदणी छापलेली. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, साधारण ८० ते १०० असावं. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात. आबांच्या मोठ्या झाल्या होत्या. त्यांना लोहाची गरजच नव्हती. आम्ही वरची ओळ वाचली आणि घडी घालून ठेवला. आठ महिने उत्तर त्या पिशवीत होतं.

तपासण्या

बी-१२, म्हणजे मटण, अंडी, दूध यांतून मिळणारं जीवनसत्त्व, आलं मिलिलिटरला ९६ पिकोग्रॅम. त्या लॅबची खालची मर्यादा २०० च्या आसपास होती. बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं होमोसिस्टीन ४८, जे १५ च्या आत हवं. थायरॉईड ठीक, सोडियम ठीक. मानेचा एमआरआय करायला लावला, कारण मानेतली चकती मज्जारज्जूवर दाबत असेल तरी ढोपराचा झटका असाच वाढतो आणि गुंड्या अशाच अडकतात. बी-१२ कमी सापडलं म्हणून ते गृहीत धरून चालणार नव्हतं. दाब नव्हता. मज्जारज्जूच्या मागच्या भागात मात्र पांढरट पट्टा दिसत होता, बी-१२ अभावी तिथलंच आवरण झिजतं.

आता माझ्या लाल गोळ्या. रक्त बनवण्याचं बी-१२ चं काम फॉलिक ॲसिड काही अंशी निभावून नेतं. त्यामुळे हिमोग्लोबिन सुधारतं, रिपोर्ट बरा दिसतो. नसांचं काम मात्र त्याला जमत नाही, आणि आत झीज चालूच राहते. मी खूश होते त्या तीन महिन्यांत नेमकं हेच झालं. सुदैव एवढंच की त्या गोळ्यांत किंवा प्रेगाबालिनच्या गोळीत बी-१२ मिसळलेलं नव्हतं. नसांच्या आणि ताकदीच्या पुष्कळ गोळ्यांत ते असतं. मग रक्तातला आकडा वर दिसतो आणि तपासणी फसते. म्हणून आधी रक्त द्यायचं, मग ताकदीची गोळी.

एवढी उतरंड कशी लागली? शरीराला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरतं, आणि यकृतात काही वर्षांचा साठा असतो. माळ घातल्यावर मटण-अंडं गेलं, तरी दुधावर निभलं. पँटोप्राझोलनं पोटातलं आम्ल कमी केलं, आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आम्लच लागतं. जे सुटं झालं ते आतड्याच्या शेवटी शोषलं जातं, तिथं मेटफॉर्मिन आडवं आलं. आणि २०२० मध्ये दूधही थांबलं. एकेक करून सगळे नळ बंद झाले आणि टाकी रिकामी व्हायला तीन वर्षं लागली. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ अधूनमधून तपासावं असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी आपल्याकडच्या बी-१२ च्या कमतरतेवर कित्येक वर्षं काम करताहेत. तेरा वर्षं आबांची साखर दर तीन महिन्यांनी तपासली गेली. बी-१२ एकदाही नाही.

उपचार

इंजेक्शन म्हटल्यावर आबांची अडचण वेगळीच. "हे जनावराचं न्हाई न्हवं?" डॉक्टर हसले नाहीत, ते मला आवडलं. त्यांनी सांगितलं की हे जिवाणूंकडून टाक्यांमध्ये आंबवून तयार करतात. पूर्वी मात्र असं नव्हतं. या आजाराच्या पांडुरोगावर रुग्णांना यकृत खायला घालायचे, त्या शोधाला १९३४ चं नोबेल मिळालं. आबा म्हणाले, "बरं झालं उशिरा आजारी पडलो. न्हाईतर कलेजी खायला लावली असती."

१००० मायक्रोग्रॅम रोज, सात दिवस. मग आठवड्याला एक, चार आठवडे. मग महिन्याला एक, कायमचं. प्रेगाबालिन हळूहळू बंद. पँटोप्राझोल एकदम न तोडता दिवसाआड करत दीड महिन्यात थांबवलं, एकदम तोडलं तर जळजळ उसळून येते. मेटफॉर्मिन चालूच. हे मुद्दाम लिहितेय, कारण माझ्या एका मैत्रिणीनं हे ऐकून स्वतःच्या आईचं मेटफॉर्मिन परस्पर बंद करायला काढलं होतं. साखर सोडून बी-१२ धरण्यात काही अर्थ नाही. बी-१२ भरून काढता येतं.

पहिल्या दहा दिवसांत मुंग्या उलट वाढल्या. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. जीभ दोन-तीन आठवड्यांत खडबडीत झाली. चिडचिड गणपती उठायच्या आत गेली. वहिनी म्हणाली, "आबा परत भांडायला लागलेत, म्हणजे बरे झालेत." दुकानात पैसे नीट मोजू लागले. दिवाळीला गुंड्या, आरशाशिवाय. चालणं सुधारायला मात्र फेब्रुवारी उजाडला.

त्याच महिन्यात वहिनीचंही रक्त दिलं. ती शाकाहारी, दूध आवडत नाही, चार वर्षं पित्ताची गोळी चालू. बी-१२ आलं १४८. तक्रार काहीच नव्हती. तिला गोळ्यांवर भागलं.

वर्षानंतर पुन्हा राजारामपुरीत काटा लावला. घोट्याला थरथर कळते. अंगठ्याला अजून नाही, आणि एवढा काळ गेल्यावर जे आलं नाही ते आता येण्याची आशा कमीच, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कापशी चप्पल कपाटावर आहे. आबा मागून पट्टा असलेली घालतात, रात्री वहिनी टॉर्च लावून तळवे बघते, बाथरूमच्या वाटेवर बॅटरीचा दिवा आहे. अंबाबाईला गेले की एक हात माझ्या खांद्यावर असतो आणि डोळे उघडे. गेल्या वेळी म्हणाले, "देवीला बघायलाच आलोय की आक्का, डोळं कशाला मिटायचं?"

मिसळ मात्र कटासकट चालते. पुढचं इंजेक्शन तीन तारखेला, न्यायची पाळी दादाची.